खिडकीकडचा गाल

टाके काढून झाले तेव्हा डॉक्टरांनी तिच्या हातात आरसा दिला. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं. ते भिंतीवरच्या पंख्याकडे बघत उभे होते.

मग तिने आरशात पाहिलं. डाव्या डोळ्याखालून निघालेला लालभडक व्रण गालावर वळसा घेऊन ओठाच्या कोपऱ्यापाशी उतरला होता. मधोमध कानामागची कातडी आणून लावलेली, जुन्या कापडाला नवं ठिगळ लावावं तशी.

"एवढ्याशा फोडासाठी एवढं?"

"वर दिसतो तेवढाच नसतो तो," डॉक्टर म्हणाल्या. "मुळं खाली पसरतात. म्हणून तर थोडं काढायचं, तपासायचं, पुन्हा काढायचं असं करावं लागलं. उन्हानं होणारा कॅन्सर आहे हा. वर्षानुवर्षं खिडकीशी बसलात ना?"

बसली होती खरी. नवरा-बायको मिळून ड्रायव्हिंग स्कूल चालवत होते. गाड्या दोन. शिकणारा स्टिअरिंगवर, शिकवणारा शेजारी, पायाखाली जादा ब्रेक. सगळे त्यांना मास्तर म्हणत आणि तिला मास्तरीणबाई.

"उशीर केला असता तर?" मास्तरांनी पंख्यालाच विचारलं.

"डोळ्यापर्यंत गेलं असतं."

"आणि भुलीची सुई... फार दुखते का?"

"अहो, झालं की आता माझं!" ती वैतागली.

घरी आल्यावर सगळंच उफराटं होऊन बसलं. जेवायला मास्तर नेहमी तिच्यासमोर बसायचे, ते आता शेजारी बसू लागले. झोपायची बाजू बदलली. कारण विचारलं तर म्हणाले, "इकडे वारा बरा लागतो." मोरीतला बल्ब गेला, तो काही त्यांनी बदलला नाही. इतर वेळी हा माणूस इंडिकेटरचा दिवा गेला तरी जेवण टाकून उठणारा.

बरं, टाळतायत म्हणावं तर मलम लावायला रोज हजर. तिच्या मागे उभं राहून, खांद्यावरून हात पुढे घेऊन, व्रणावर इतकं हलकं बोट फिरवायचे की तिला भरून यायचं. पण समोर काही यायचे नाहीत. तिला कळेचना, हे प्रेम म्हणायचं की किळस?

स्कूलमध्ये पहिल्याच दिवशी नवी मुलगी तिच्याकडे बघून चाचरली. "मॅडम, ॲक्सिडेंट?"

"पार्किंग चुकलं," ती म्हणाली. मुलगी हसली, तीही हसली. परक्यांचं तिला काहीच वाटत नव्हतं. घरच्याच माणसाचा थांग लागत नव्हता.

त्यात मास्तरांनी दाढी वाढवली. रोज सकाळी घोटून दाढी करणारा माणूस! एकदा ती चहा घेऊन अंगणात गेली, तर ते उभ्या गाडीत बसून मागचं बघायच्या आरशात स्वतःचं तोंड निरखत होते. तिची चाहूल लागताच त्यांनी आरसा फिरवला.

"पन्नाशी उलटल्यावर दाढी काय, आरसा काय," फोनवर तिची मोठी बहीण म्हणाली. "बाई गं, डोळे उघड."

"ताई, मग मलम कशाला लावतील रोज?"

"मन खात असेल. म्हणून तर तोंड दाखवत नाहीत."

तिने फोन ठेवला, पण शब्द काही डोक्यातून जाईनात. एका दुपारी तिने मास्तरांना दारातच अडवलं.

"माझ्याकडे बघा."

"बघतोय की."

"दाराकडे बघताय. इतकी वाईट दिसते का मी?"

"भलतंसलतं बोलू नकोस गं." त्यांचा आवाज कापरा झाला. "आधी तू बरी हो. सगळं गेलं असं डॉक्टरांना एकदा सांगू दे. मग मला तुझ्याशी बोलायचंय."

"आत्ताच बोला."

"आत्ता नाही. तुझं निस्तरेपर्यंत नाही."

म्हणजे आजारी बायकोला सोडलं असं कुणी म्हणू नये, एवढ्यासाठीच थांबले होते तर! मलम, तो हलका हात, सगळं त्यासाठीच. तिला राग यावा तर येईना, रडू यावं तर तेही येईना. तिने मुकाट्याने बॅग भरली आणि पलंगाखाली सरकवली. ताईला कळवलं, की तपासणी झाली की येते. हाकलून देण्याआधी आपणच निघालेलं बरं.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी तिला दिव्याखालच्या खुर्चीत बसवलं. गाल दाबून पाहिला, मान चाचपली, भिंग लावून व्रणाची कड न् कड तपासली.

"सगळं गेलं," त्या हसून म्हणाल्या. "व्रण राहील थोडा. बाकी तुम्ही ठणठणीत."

मास्तरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांचे खांदे हलत होते. ती बघतच राहिली. सुटका झाल्याचं इतकं रडू?

ती खुर्चीतून उठली. वाक्य तयार होतं. "अहो, मला काही सांगायचंय," तिने सुरुवात केली.

"आधी माझं," मास्तर डोळे पुसत म्हणाले. "इथेच, डॉक्टरांसमोर सांगतो."

आणि ते तिच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले. त्यांनी डावा गाल दिव्याकडे केला आणि बोटांनी दाढी बाजूला सारली.

डॉक्टर वाकल्या. भिंग जवळ नेलं आणि त्यांचं हसू मावळलं.

"कधीपासून आहे हे?"

"हिच्या आधीपासून," मास्तर म्हणाले.