डावी कूस

"डावी म्हणजे त्यांची डावी, वहिनी. आपण समोर उभं राहिलं की आपली डावी आणि त्यांची डावी उलट होते. सगळ्यांचा घोळ होतो तो तिथेच."

नर्सने चादर वर केली, डाव्या कुशीवरच्या म्हाताऱ्याला जरा कलतं केलं आणि श्वास रोखला. त्याच्या डाव्या कुल्ल्यावर वाटीएवढी जखम पडली होती. पिवळा पू, कडेचं मांस काळं पडलेलं, आणि वास असा की तिने तोंड बाजूला फिरवलं. घरोघरी जाऊन रुग्णांचं करण्यात तिची निम्मी हयात गेली होती, तरीही.

सून पायथ्याशी उभी होती. चादरीचं टोकसुद्धा तिने तिथूनच, हात लांबवून धरलं होतं. नर्सला जखमेपेक्षा तिचीच किळस आली.

तरी तिने तोंड गोड ठेवलं. "नाकापासून बेंबीपर्यंत एक रेघ धरा. रेघेजवळचं ते आतल्या बाजूचं, लांबचं ते बाहेरच्या. पोटाकडची पुढची बाजू, पाठीकडची मागची. ही जखम डावीकडे, बाहेरच्या बाजूला. मग त्यांना कसं निजवायचं?"

"उजव्या कुशीवर."

"येतंय की सगळं! तरी रोज डावीवरच?"

"उजव्या कुशीवर डावा हात मोकळा राहतो."

"राहू दे ना! अर्धांगवायूने उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. एवढा एकच हात चालतो बिचाऱ्यांचा, तोही अंगाखाली दाबून ठेवायचा? जखम हाडापर्यंत गेली तर जातील ते."

सून जागची हलली नाही. पालथ्या घड्यावर पाणी, नर्स मनात म्हणाली. डॉक्टर तर म्हणाले होते, देवमाणूस आहे. देवमाणसाच्या नशिबी ही असली सून!

"पाणी गरम करून आणा."

"मी इथे थांबते, सिस्टर. पाणी मागाहून आणते."

"आत्ता आणा म्हटलं ना!"

सून गेली. नर्सने म्हाताऱ्याला अलगद उजव्या कुशीवर वळवलं आणि वाकून पू पुसायला घेतला. डावा हात तिच्या मनगटावर आला. आधार शोधताहेत, तिला वाटलं. मग तो दंडावरून गळ्याशी गेला आणि गणवेशात शिरला. तिने झटकला. तो पुन्हा आला. तिने वर पाहिलं. म्हातारा हसत होता.

सून पातेलं घेऊन आली तेव्हा सासरे डाव्या कुशीवर होते आणि नर्स त्यांच्या पाठीमागे उशी घट्ट खोचत होती.