हलका पत्रा

भूकंपात छताचा स्लॅब कोसळला, तेव्हा घरात मायलेकी दोघीच होत्या. आईने नखं तुटेस्तोवर जोर लावला, स्लॅब तसूभरही हलला नाही. लेक गेली. वर्षभराने नव्या घराच्या भिंती उभ्या राहिल्या आणि छपराचं सामान घ्यायला नवरा-बायको दुकानात आले. “सिमेंटचे पत्रे न्या, घर तापत नाही,” दुकानदार म्हणाला. “लोखंडी हलके, पण घट्ट आवळले तर वादळातही टिकतात.” नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. कित्येक महिन्यांत ती कशालाच हो-नाही म्हणाली नव्हती. तिने बाह्या सरसावून सिमेंटचा पत्रा धरला. तो पेलवेना. मग लोखंडी धरला. “अहो वहिनी, आमची माणसं चढवतील की!” दुकानदार हसला. नवरा दुसरं टोक धरायला वाकला. “सोडा,” ती वेळ विचारावी तशा आवाजात म्हणाली. “मला एकटीला उचलता यायला हवा.” पत्रा डोक्यावर गेला. “हाच द्या.”