ठरलेल्या किमतीला

गावच्या मोटार-शर्यतीत शेवटच्या वळणावर आर्वोनं मुद्दाम मागून धक्का दिला आणि हिल्काच्या नातीची गाडी मातीच्या बांधावर उलटली. पोरगी धडधाकट बाहेर आली, पण पहिला नंबर त्याचा झाला. सॉसेजच्या टपरीशी तो हसत म्हणाला, "मावशी, ही शर्यत आहे, विणकाम नव्हे." हिल्का तडक पंचांच्या तंबूत गेली. शर्यतीनंतर प्रत्येक गाडी एकाच ठरलेल्या, अगदी स्वस्त किमतीला मागेल त्याला विकावी लागे. नकार देणाऱ्याला ट्रॅक बंद. आर्वोनं हिवाळाभर आपल्या गाडीत जीव ओतला होता, म्हणून माणुसकीखातर कुणी खरेदीची चिठ्ठी टाकली नव्हती. हिल्कानं टाकली. किल्ली देताना आर्वो म्हणाला, "मावशी, निदान नातीला चालवायला द्या. इंजिन फार गुणी आहे." "नात स्वतःचीच दुरुस्त करील," हिल्का म्हणाली. "हिच्यात माझ्या कोंबड्या बसतील. त्यांना पुढं जायची घाई नसते."