पडद्यामागचा माणूस

पडद्यामागं माणूस बसवलाय, याबद्दल मनकर्णाआजीला तिळमात्र शंका नव्हती. सात रस्ता चौकाजवळच्या विज्ञान प्रदर्शनातल्या रिकाम्या खोलीत हात हलवला की पडद्यामागून घुंगरू वाजायचे, थांबवला की गप्प.

"आजी, आपलं अंग हललं तरच वाजतंय ते," नात प्रतीक्षा म्हणाली.

आजी खांबासारखी उभी राहिली. श्वासही रोखला. घुंगरू वाजतच राहिले.

"बघ! मी हालले बी न्हाय. समदी लबाडी हाय!" म्हणत ती पडद्याकडे निघाली.

प्रतीक्षानं तिच्या हातांकडे बोट दाखवलं. दोन्ही हातांची बोटं हवेतच विडी वळत होती.

विड्यांचं काम सोडून सहा वर्षं झाली होती. आजी पडद्याशीच थबकली आणि स्वतःच्या बोटांकडे संशयानं बघत राहिली.