पाच मिनिटं पुढे

गलोंड्याच्या सूत कंपनीचे रस्त्याच्या दोन बाजूंना दोन प्लांट, आणि पलीकडच्या प्लांटचं घड्याळ कायम पाच मिनिटं पुढे. इंजिनिअर राजेंद्रच्या डोळ्यांत ते खुपायचं. शेवटी त्याने दोन्ही घड्याळांत मायक्रोकंट्रोलर आणि नेटवर्कचं कार्ड बसवून ती ऑफिसातल्या सर्व्हरच्या वेळेला जोडायला घेतली.

"साहेब, तिकडचं पुढंच राहू द्या ना," अलीकडच्या प्लांटमधला लखन म्हणाला. "माझी बायको कावेरी तिकडून आधी सुटते. गुड्डीला तिच्या कडेवर देतो, मग मी पाळीला आत शिरतो."

"तुझ्या पोरीसाठी कंपनीने चुकीची वेळ ठेवायची?" राजेंद्र हसला.

सोमवारी दोन्ही भोंगे एकदम वाजले. राजेंद्रची छाती फुगली. गेटवर लखनने गुड्डीला खाली उतरवलं. "आई येतेय, हलू नको," म्हणत तो पाळीला आत पळाला. पलीकडे आई दिसताच गुड्डी धावली. ट्रकवाल्याचा ब्रेक उशिरा लागला.

महिन्याभराने दोघं कामावर आली, तेव्हा राजेंद्रने कुणालाही न विचारता पलीकडचं घड्याळ पुन्हा पुढे केलं होतं. कावेरी लवकर सुटली. लखन रस्त्याकडेला उभाच होता. दोघांना अख्खी पाच मिनिटं मिळाली, पण एकमेकांच्या हाती द्यायला आता काही नव्हतं.