चौथं पान

“दोन्ही वह्या सारख्याच आहेत. तुमची तीन दिवसांनी जमा झाली, म्हणजे नक्कल तुमची,” म्हणत अभ्यासकेंद्रातल्या मॅडमनी उज्ज्वलाच्या स्वाध्यायावर भलंमोठं शून्य काढलं.

बिझनेस इन्फर्मेशन सिस्टिम्सची पदवी दूरशिक्षणातून करायची, हे तिने आणि तिच्या मैत्रिणीने, विशाखाने, मिळून ठरवलं होतं. दुकान सोडून येणं जमेना, म्हणून उज्ज्वलाने वही विशाखाच्याच हाती दिली होती. “तू दुकान बघ गं, मी टाकते जमा करून,” असं म्हणालेली विशाखा आता शेजारीच खाली मान घालून बसली होती.

उज्ज्वलाने विशाखाची वही पुढ्यात ओढली. अक्षर तेवढं वेगळं, बाकी शब्दन् शब्द आपला. चौथ्या पानावरच्या एका वाक्यावर बोट ठेवून तिने ती वही मॅडमपुढे सरकवली.

“मॅडम, एवढं वाक्य मोठ्याने वाचा.”

“माझे पती वारल्यावर त्यांच्या औषधांच्या दुकानातला साठा मी संगणकावर आणला…” वाचता वाचता मॅडम थबकल्या.

बाहेर फाटकाशी विशाखाला न्यायला आलेल्या तिच्या नवऱ्याने स्कूटरचा हॉर्न वाजवला.

“जा,” उज्ज्वला म्हणाली, “तुझे मिस्टर आहेत ना अजून.”