गुणाजीची घाई

हेरंबनं मशीन लावलं आणि मागच्या वर्षी वारलेला गुणाजी नव्या गाण्यावर ढोलकी वाजवायला लागला. जुनी रेकॉर्डिंग ऐकून मशीन वादकाचा हात शिकायचं. मग तो हात काहीही वाजवायचा.

शेवंतावहिनी डोळे मिटून ऐकत होत्या. "भाऊजी, हे आमचे हे नव्हेत," त्या म्हणाल्या. "ह्यांना एवढा दम कुठला? तोडा आला की सुटायचे, एसटी चुकल्यासारखे."

हेरंबलाही तीच घाई ऐकायची होती. पण प्रत्येक गाण्यात त्यानंच ती ओढून लयीत बसवली होती. प्रोड्यूसरचं कामच ते. कच्ची रेकॉर्डिंग त्यानं कधी ठेवलीच नाहीत.

त्यानं मशीन बंद केलं. स्टुडिओतली सगळी वाद्यं तो स्वतः वाजवायचा, फक्त ढोलकी गुणाजीसाठी सोडायचा. आज त्यानं ती मांडीवर घेतली. वहिनींनी पुन्हा डोळे मिटले. तो वाजवायला लागला, आणि तोडा आला तसा मुद्दाम लयीच्या पुढे पळाला.

"अहो, हळू! कुणी मागं लागलंय का?" वहिनी मिटल्या डोळ्यांनीच ओरडल्या.

हेरंब थांबला नाही. थांबला असता तर त्यांनी डोळे उघडले असते.